तोवर जयवंत कुठं राहणार?

मला ती खोली मिळाली ती तिसऱ्या जयवंतामुळे.

मिरजेहून कोल्हापुरात नोकरीला आले, तेव्हा मंगळवार पेठेतल्या एका घराची माडी भाड्याने द्यायची आहे असं कळलं म्हणून बघायला गेले. मालक दारातच उभे होते. उंच, वाळके, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि घरातसुद्धा पायांत मोजे. लग्न झालंय का, येणंजाणं कुणाकुणाचं, माहेर कुठलं, असल्या प्रश्नांची उत्तरं मी घोकून ठेवली होती. मालकांनी एकच प्रश्न विचारला.

“जयवंत कितवा आवडतो?”

हेर जयवंत माहीत नसलेला माणूस मला अजून भेटायचाय, पण असेल एखादा तर त्याच्यासाठी सांगते. हे सिनेमे कोल्हापुरातल्याच एका घराण्याचे. आजोबांनी काळ्या-पांढऱ्यात सुरू केले, मुलाने रंगीत केले, नातवाने परदेशात नेऊन आणले. नट बदलत गेले, जयवंत तोच राहिला. तो नेहमी दाराकडे तोंड करून बसतो, कोरा चहा पितो, आणि शेवटी पन्हाळ्याच्या तटावरून पाठमोरा धुक्यात चालत जातो. पहिल्या सिनेमातलं हे शेवटचं दृश्य इतकं गाजलं, की पुढचा प्रत्येक सिनेमा त्यावरच संपला. नवा नट आला की त्याला आधी ती चाल शिकावी लागायची. आम्ही लहानपणी शाळेच्या पटांगणात तसंच चालत घरी जायचो.

मी म्हणाले, “तिसरा.” खरं तर माझ्या वडिलांकडे तिसऱ्याच्याच कॅसेटी होत्या, म्हणून.

मालकांचा चेहरा एकदम सैलावला. “तिसऱ्याची चाल जवळपास आलती. बाकीच्यांनी नुस्ते पाय टाकले. सामान कधी आणतायसा?”

मालक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. नकाशातलं अख्खं जग त्यांना पाठ होतं आणि स्वतः ते कोल्हापूर सोडून फारसे कुठे गेलेले नव्हते. मोबाइल वापरत नसत. रिक्षा करताना आधी रिक्षावाल्याचा चेहरा नीट बघून घेत आणि पसंत पडला नाही तर पुढच्या रिक्षाकडे जात. पण त्यांचा सगळ्यात विचित्र प्रकार थिएटरातला. जयवंतचा सिनेमा ते पहिल्याच खेळाला बघत, बायकोला घेऊन, आणि ते शेवटचं दृश्य सुरू झालं की पडद्याकडे न बघता बायकोकडे बघत बसत. मंडळातले लोक म्हणायचे, या वयातही मालकांचं बायकोवर काय प्रेम. मीही तसंच समजत होते. माणसं काय काय समजत असतात.

मंडळ म्हणजे जयवंतप्रेमी मंडळ. दर रविवारी सकाळी एका तालमीच्या माडीवर बैठक. खाली आखाड्यातल्या लाल मातीचा वास, वर चहाचे कप आणि भांडणं. मालकांनी मला पहिल्याच महिन्यात तिथे नेलं. पेठांच्या फुटबॉलला असतात तसे तिथे तट होते, फक्त इथे मारामारी तोंडाची. मी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे दिवसभर न बोलणाऱ्या गोष्टींशी माझा संबंध. रविवारचा तो आरडाओरडा मला आवडायला लागला.

मग पाचव्या जयवंताने जाहीर केलं की आता पुरे. वय झालं, गुडघे गेले, मी हा कोट उतरवून ठेवतो. त्याच्या पाठोपाठ नातवाने सगळे हक्क मुंबईच्या एका कंपनीला देऊन टाकले, आणि कंपनीने सांगितलं की सहावा जयवंत कदाचित बाई असेल.

त्या रविवारी तालमीची माडी खाली येते की काय असं वाटलं. उद्यमनगरात ज्यांची फौंड्री होती ते शेठ टेबलावर हात आपटत होते. “आज्ज्यानं घाम गाळून उभं केलं आणि नातवानं सही करून मोकळं व्हायचं. आमाला इचारलं व्हय कुणी?”

“तुमाला कशाला इचारायचं?” आमच्यात कॉलेजची एक पोरगी होती, ती कुणाला भीत नसे. “तुमी तिकीट काढलं, सिनेमा बगितला, घरला आला. झालं की.”

“आमी तिकीट काढलं म्हणून त्यो जगला. आणि बाई घेऊन काय करणार? नाव काय जयवंता ठेवणार?”

“नाव जयवंतच ऱ्हाऊ दे. काम हेरगिरीचं हाय. बाईकडं कुणाचं ध्यान असतंय? भाजीची पिशवी हातात दिली की ती कुठंबी जाईल. खरं तर पहिल्यापास्नंच बाई पायजे हुती.”

मी तिच्या बाजूने हात वर केला. तेवढ्यात मालक उठले. ते सहसा बोलत नसत, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे वळले.

“बाई नको,” ते म्हणाले. “पुरुष काम करतो, कोट काढून ठेवतो, घरला जातो. बाईला त्यो सोडत न्हाई.”

“तुमास्नी कसं ठावं?” पोरीने विचारलं.

मालकांनी ते ऐकलंच नाही असं केलं. “माझं दुसरं म्हणणं हाय. पाचव्यानं सोडला. सहावा ठरला न्हाई. मग तोवर जयवंत कुठं ऱ्हाणार?”

“कंपनीच्या कपाटात,” शेठ म्हणाले आणि माडीभर हशा पिकला. मीसुद्धा हसले.

घरी येताना मालक माझ्याशी बोलत आले. त्यांचं आजोळ राधानगरीकडचं, गुरवाचं. ते लहान असताना गावच्या भैरोबाची मूर्ती झिजली म्हणून तिला वज्रलेप करायचा ठरला. लेप करायचा तर देव मूर्तीत असून चालत नाही. म्हणून भटजींनी मंत्र म्हणत दर्भाने मूर्तीला स्पर्श केला, तोच दर्भ पाण्याच्या कलशाला लावला, आणि देव कलशात काढून घेतला. काम संपेपर्यंत कलश गुरवाकडे, म्हणजे मालकांच्या मामाच्या घरात. तेवढे दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. कलशाला सकाळ-संध्याकाळ नैवेद्य. आणि तिकडे देवळात कारागीर मूर्तीच्या छातीवर पाय देऊन खांदा घासत होता.

“मी रडायला लागलो,” मालक म्हणाले. “मामा म्हणाला, रडतोस कशाला, आता दगड हाय त्यो. जा, हात लावून बग. मी लावला. रोज ज्याच्या पाया पडलो त्येच ते तोंड, आणि आत कुणी न्हाई. ते हाताला कळतंय, बाई. सांगता येत न्हाई, पण कळतंय.”

ऊन चांगलं होतं, रस्त्यावर गर्दी होती, तरी मला पुढचं ऐकवेना. मी विषय बदलला.

बाईला तो सोडत नाही, याचा अर्थ मला काकींनी सांगितला. काकी म्हणजे मालकांच्या बायको. त्यांच्यासारखी खणखणीत बाई मी पाहिली नाही. आमच्या गल्लीत भाजीवाला आला की आधी त्यांच्या दाराशी भांडण उरकून मग पुढे जायचा. कोल्हापुरात बऱ्याच बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, मला आधी त्याचं हसू यायचं. काकींच्या तोंडी ते इतकं शोभायचं की नंतर ‘आले-गेले’च मिळमिळीत वाटायला लागलं. एका दुपारी मी त्यांच्याबरोबर मेथी निवडत होते आणि बोलता बोलता तटावरच्या त्या दृश्याचा विषय निघाला.

“ती मी हाय,” काकी म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा.

“खरंच. माझा बा पन्हाळ्याचा. शूटिंगला घोडी त्योच द्यायचा. शेवटच्या दिशी नटाचा पाय मुरगाळला आणि धुकं तर उठाय लागलतं. डायरेक्टर नुस्ता वरडतोय. कोण उंच हाय, कोण उंच हाय? मीच हुतो उंच. कोट घातला, टोपी घातली, म्हणाले, चाल. चाललो. मागं बगू नको म्हणाले. बगितलं न्हाई.” त्यांनी मेथीची एक जुडी उचलली. “अजून बगितलं न्हाई.”

म्हणजे पाच नट आयुष्यभर जी चाल शिकत आले ती पन्हाळ्याच्या एका घोडेवाल्याच्या पोरीची. आणि तालमीच्या ज्या माडीवर जयवंत बाई असावा की नसावा यावर लोक घसा कोरडा करत होते, तिथल्या एकाही माणसाला हे माहीत नव्हतं. सिनेमे सुरू करणाऱ्या त्या आजोबांनी काकींचा शब्द घेतला होता की हे कुणाला सांगायचं नाही. त्यांनी तो पाळला. फक्त एका माणसाला सांगायची गरजच पडली नाही.

“ह्ये गडावर शाळेची सहल घेऊन आलते. मी पुढं चाललोतो. पोरं सोडून माझ्या मागं मागं आले. पाठीमागनंच वळखलं. माझं तोंड त्यांनी नंतर बगितलं.”

मला खूप हसू आलं. काकीही हसल्या, मग थांबल्या.

“कोट परत दिला मी. पण त्यो काय गेला न्हाई. मला दुधाचा चहा आवडतो, पोरी. हात कोऱ्याकडंच जातो. सोप्यात बसायचं तर दाराकडं पाठ करवत न्हाई. दिवे लागायच्या वक्ताला पाय आपोआप चालाय लागत्यात. आता सवय झाली. ह्यांस्नीच भ्या वाटतं.”

तिन्हीसांजेला खालून येणारी पावलं मी रोज ऐकत होते. संथ, एक पाय किंचित उशिरा पडणारी. मला वाटायचं लोक जेवणानंतर शतपावली करतात, ती काकी आधीच उरकून घेतात.

पुढच्या रविवारी मालकांनी मला साक्षीला म्हणून खाली बोलावलं. बाहेर रणरणतं ऊन. सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, पाटावर तांदूळ पसरून त्यावर तांब्याचा कलश ठेवलेला, तोंडाशी विड्याची पानं, बाजूला नारळ. खुर्चीत काकी.

“सगळ्यांनी सोडलाय त्याला,” मालक मला हळूच म्हणाले. “घराण्यानं सोडला, पाचव्यानं सोडला. आता हिच्यातनंबी काढून घेतला की ही सुटली. सहावा ठरस्तोवर मी सांभाळतो. हिला सोडवायची हीच वेळ हाय.”

काकी खळखळून हसत होत्या. “काडा की. काय काडतायसा ते काडा. मला भाकरी थापायची हाय.”

मालकांना भटजींच्या तोंडचं जे काही आठवत होतं ते त्यांनी पुटपुटलं. दर्भ काकींच्या खांद्याला लावला, मग कलशातल्या पाण्याला. पुन्हा खांद्याला, पुन्हा पाण्याला. काकींचं हसू हळूहळू कमी होत गेलं, जसं कुणी दुसऱ्या खोलीत निघून जावं. मालकांनी नारळ कलशावर ठेवला. काकी उठल्या, आत गेल्या आणि भाकऱ्या न थापताच झोपल्या. मालकांनी कलशासमोर कपभर कोरा चहा ठेवला.

पहिले काही दिवस मालक खुशीत होते. काकी दुधाचा चहा पीत होत्या, दाराकडे पाठ करून बसत होत्या, संध्याकाळी पाय चालत नव्हते. नंतर त्या भाजीवाल्याशी भांडेनाशा झाल्या. मग भाजीच घेईनाशा झाल्या. विचारलं तर उत्तर देत, पुढे तेही थांबलं. सकाळी मालक त्यांना खुर्चीत बसवत, दुपारी त्या तशाच असत. मी त्यांचं रक्त घेतलं. सुई टोचली तरी त्यांनी हाताकडे पाहिलं नाही. साखर, थायरॉइड, सगळं स्वतः तपासलं आणि सगळं व्यवस्थित निघालं. मोठ्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला आणि वयाप्रमाणे आहे म्हणून सांगितलं. मी माझ्या कामावर विश्वास ठेवणारी बाई आहे. त्या रिपोर्टवर सही करताना मला पहिल्यांदाच वाटलं की आपण चुकीच्या जागी शोधतोय.

एका दुपारी मी सुट्टीवर होते, माडीवर पडले होते. खालून पावलं यायला लागली. तीच, संथ, एक पाय किंचित उशिरा. काकी बऱ्या झाल्या म्हणून मी जवळजवळ पळतच खाली गेले. काकी खुर्चीत होत्या. मालक त्यांच्यासमोर जमिनीवर बसले होते. दोघंही जागचे हलले नव्हते. काकींच्या गालावरून एक माशी डोळ्याच्या कडेपर्यंत गेली, पापणी हलली नाही. कलशावरची पानं ठेवली त्या दिवशी होती तशी हिरवीगार होती, आणि पावलं दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत येत होती.

“तुमालाबी ऐकू येतंय न्हवं?” मालकांनी विचारलं.

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

“मी जयवंत काडाय गेलो,” ते म्हणाले, “आणि हिलाच काडून बसलो. दोघं मिसळूनच ऱ्हायलीती इतकी वर्षं. मला येगळी कशी करता येणार?” आणि ते माझ्यासमोर ढसाढसा रडले. एवढा ताठ माणूस.

त्यांच्या मामाचा मुलगा अजून गावी भैरोबाची पूजा करत होता. मालक त्याला जाऊन भेटून आले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, दगडात परत घालता येतं, माणसाचं मला ठावं न्हाई. त्याच रविवारी मालक मंडळात उभे राहिले आणि म्हणाले, सहावा जयवंत बाईच पाहिजे, पुरुष आला तर सर्वनाश होईल. शेठ आ वासून बघत राहिले. पोरीने टाळ्या वाजवल्या. मालक कुणाच्या बाजूने बोलतायत हे फक्त मला माहीत होतं. पुरुष आला, कलशातलं त्याच्यात गेलं आणि त्याने कोट काढून ठेवला, तर त्यांची बायको कुठे जाणार होती?

पण ते कंपनीच्या भरवशावर बसले नाहीत. एका शनिवारी मी दुपारीच घरी आले तर कलश पाटावर नव्हता. मालकांनी नारळ काढून कलशातलं पाणी ओंजळीने काकींच्या डोक्यावर, खांद्यावर, हातांवर शिंपडलं होतं. साडी ओली, केस ओले, जमिनीवर पानं पडलेली. मालक दाराशी उभे होते. मी त्यांच्या मागे.

काकींनी मान वर केली. मालकांकडे बघितलं. अगदी नीट, पायापासून डोक्यापर्यंत.

“पावणं,” त्या म्हणाल्या, “कुणाकडं आलायसा?”

मालक पुढे आले. “इथंच. तुमच्याकडं.”

“बसा की मग. उभं का?”

मालक बसले. मला म्हणाले, “बोलली बगा.” अनोळखी माणसासारखं बोलली, हे त्यांना ऐकूच आलं नव्हतं. बोलली एवढंच ऐकू आलं होतं.

काकींना परत सगळं आलं, फक्त मालक आले नाहीत. भाजीवाल्याशी भांडण सुरू झालं. मला त्या नावाने हाक मारत. नवरा मात्र त्यांच्या लेखी गावाला गेलेला. मग मालकांनी नवीन रीत सुरू केली. रोज सकाळी ते मागच्या दाराने बाहेर पडत, चपला घालत, गल्लीला वळसा घालून पुढच्या दारात येत आणि कडी वाजवत. कधी पत्ता चुकलेला माणूस, कधी पाणी मागणारा, कधी मीटर बघायला आलेला. काकी दाराकडे तोंड करून बसलेल्या. त्या उलटतपासणी घेत, कुठनं आला, कुणी पाठवलं, खिशात काय हाय, आणि खात्री पटली की कोरा चहा देत. मालक तो पीत. दिवसभर पाहुण्यासारखे अंग चोरून घरात राहत आणि रात्री परसातल्या बाकावर झोपत.

“आज म्हणाली, आमचं मालक चांगलं हाईत पण भित्रं,” त्यांनी एकदा मला सांगितलं. हसत होते. “एवढा संसार केला, पण हे कधी तोंडावर बोलली न्हवती. पावण्याला सांगितलं.”

मला त्यांची दया यायची आणि थोडा हेवाही वाटायचा. त्यांना आता एकाच गोष्टीची धास्ती होती. सहावा ठरला की जयवंत त्याच्याकडे जाणार, आणि जाताना काकींना घेऊन जाणार. घरातला टीव्ही त्यांनी विकला. पेपर बंद केला. मंडळात जाणं सोडलं. ज्या माणसाने आयुष्यभर पुढच्या जयवंताची वाट बघितली, तो आता तो कधीच ठरू नये म्हणून भैरोबाला नवस बोलला.

बातमी आली ती दुपारी, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सहावा जयवंत ठरला होता, बाई. कबनूरची, यंत्रमागावर काम करणाऱ्याची मुलगी, नाटकात कामं केलेली. ग्रुपवर एकाच वेळी फटाके आणि शिव्या सुरू झाल्या. शेठ ग्रुप सोडून गेले आणि लगेच परत आले. मी ज्या बाजूने हात वर केला होता ती बाजू जिंकली होती आणि मला मालकांचा नवस आठवत होता.

खाली गेले. मालक उकाड्याने गल्लीत बसले होते, मला जिन्यावर बघून पुढच्या दारात आले. माझ्या तोंडाकडे बघताच त्यांना कळलं. ते कुजबुजले, “तिला सांगू नकोस.” त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा एकेरी हाक मारली होती.

आतून काकींचा आवाज आला. “पोरगी ठरली व्हय?”

घरात टीव्ही नव्हता, पेपर नव्हता. आम्ही दोघंही बोललो नव्हतो.

“चालती कशी?” काकींनी मला विचारलं.

“अजून बघितली नाही, काकी.”

“मग तिला शिकवणार कोण?” त्या म्हणाल्या आणि उठल्या. पदर खोचला. सोप्यातून दाराकडे आल्या, संथ, एक पाय किंचित उशिरा. मालक दारात उभे होते. हात आडवा धरला असता तर त्या थांबल्या असत्या, असं मला अजून वाटतं. मालकांनी एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला झाले.

नंतर मी त्यांना विचारलं, का अडवलं नाही. ते म्हणाले, “पुढनं बगितलं म्हणून. ती खुशीत हुती.”

काकी उन्हातून गल्लीने चालत गेल्या. दारादारात बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. एक रिक्षावाला गाडी बाजूला घेऊन उभा राहिला. त्यांनी मागे बघितलं नाही. कोपऱ्यावरच्या कट्ट्यापाशी पोचल्या, बसल्या आणि तिथेच संपलं. आम्ही गेलो तेव्हा डोळे उघडे होते, श्वास नीट होता, नाडी मी स्वतः बघितली, ती नीट होती. मालक त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, “बाई, पाणी मिळंल का?” दोनदा म्हणाले. मग त्यांनी काकींचा हात धरला आणि त्यांना घरी आणलं.

संध्याकाळी कंपनीने त्या मुलीची छोटीशी फिल्म टाकली. आजच दुपारी घेतली, असं खाली लिहिलं होतं. कोट, टोपी, पाठमोरी, धुक्यात चालत जाते, बस एवढंच. ग्रुपवर ती ज्याने त्याने पुढे पाठवली. मग शेठनी लिहिलं की पहिल्या सिनेमानंतर अशी चाल आजच बघितली.

मालकांनी माझ्या हातातून फोन घेतला. आतल्या खोलीत काकींना भरवून, तोंड पुसून, अंगावर चादर घालून ते आले होते. त्यांनी ती फिल्म बघितली, पूर्ण, पडद्याकडे तोंड करून. परत लावायला सांगितली. मग फोन माझ्याकडे दिला.

“ग्रुपवर लिव्हा,” ते म्हणाले. “त्या कंपनीपत्तोर पोचवा म्हणावं. पोरीला येळच्या येळी खायाला घाला. उन्हात लई उभं करू नका. काम झालं की घरला सोडत जावा.” मग ते आतल्या खोलीकडे वळले. “माझं माणूस हाय तिच्यात.”